सुरांची खिरापत
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी लहान मुलांना गाणं शिकवते हे ऐकून परवा एक मैत्रीण फोनवर पोट धरून हसली. तुम्हालाही आठवत असेल. सातवीत समूहगीताच्या तालमीत मला सांगितलं गेलं होतं, "तू नुसते ओठ हलव." चाळीस मुलं, एक पेटी आणि कार्यक्रम दोन दिवसांवर. सांगणाऱ्यांचा तरी काय दोष? पण त्यानंतर मी वर्गात कधी तोंड उघडलं नाही.

गायले ती फक्त भोंडल्यात. पाटावर हत्ती, भोवती आपला फेर. तिथे मला कुणी अडवलं नाही. का, ते शिकवायला लागल्यावर उमगलं. ही गाणी मोजक्या सुरांत फिरतात, ओळी पुन्हा पुन्हा येतात, लय पावलं सांभाळतात. जिला चाल ठाऊक नाही, तीही तिसऱ्या फेरीला गाऊ लागते.

म्हणून माझा वर्ग सणांवर चालतो. आषाढीला टाळ आणि पावली. गणपतीत आरती, पण मुलं आरतीत पळतात, म्हणून एक खेळ. मी हात वर केला की गाणं मनातल्या मनात चालू ठेवायचं, खाली आणला की सगळ्यांनी एकाच शब्दावर यायचं. होळीला रिकाम्या डब्यांवर सहा मात्रांचा दादरा, आठ मात्रांचा केरवा. आणि आश्विनात खिरापत! पाच सारखे डबे: तांदूळ, राजमा, साबुदाणा, चिंचोके, नाणी. हलवायचे आणि ओळखायचं. मग पेटीवर सा ऐकवून दुसरा सूर 'लपवायचा'. ओळखा! चुकलं तरी खाऊ सगळ्यांनाच.

गेल्या जूनमध्ये एक मुलगा आला. गाणं सुरू झालं की मान खाली. गणपतीत त्याला झांज दिली. मुठीत धरली की ती बद्द वाजते, दोरीला धरली की खणखणते, हे त्याचं त्यानंच शोधलं. गायला मात्र नाही. भोंडल्यात डबा हलवला आणि तो ओरडला, "साबुदाणा!" त्यानंतरच्या फेरात त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. सूर जरा खाली होता. मी काही बोलले नाही.

सूर रियाजानं वर येतो. गेलेला धीर परत यायला मला वीस वर्षं लागली.

आज हस्त नक्षत्र नाही, पण जेवणानंतर अंगणात पाट मांडणार आहे. खिरापतीचा डबा मी आणलाय. सरांनी, बाईंनीसुद्धा फेरात यायचंय. अट एकच: नुसते ओठ हलवायचे नाहीत.