अरुंद दऱ्यांची ओढ

दऱ्या धुंडाळणाऱ्या हौशी लोकांस कोणती दरी अधिक प्रिय, असे विचाराल तर ती अरुंद, खोल आणि एकदा आत शिरल्यावर सहजी मागे फिरू न देणारी. आपल्या अकोले तालुक्यातील साम्रदची सांदण दरी तशीच आहे. काळ्या कातळाची भेग, मधे गार पाण्याचे डोह, पुढे दोरावरून उतरायचे टप्पे. अमेरिकेत ॲरिझोनामधील अँटिलोप दरीही अशीच अरुंद. ती पाण्याने वालुकाश्मात कोरली आहे.

पण जे पाणी दरी घडविते, तेच माणसे नेते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तेथे अचानक लोंढा आला आणि ११ प्रवासी प्राणांस मुकले. पाऊस पडला होता तो कित्येक मैल वर. लाकडी शिड्याही वाहून गेल्या. खडकात पक्क्या बसविलेल्या शिड्या मागाहून आल्या.

आम्ही हयात कामगारांत घालविली. यंत्राभोवती जाळी बसते ती कुणाची तरी बोटे तुटल्यावर, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून सांगतो, गावचा वाटाड्या आभाळ पाहून ‘आज नको’ म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. आणि त्याची त्या दिवसाची मजुरीही बुडवू नका.