जाहिरातीचा नळ कोणाच्या हाती?



तुमच्यापैकी काहीजण यूट्यूब चॅनेल चालवता, काहीजण बातम्यांचं छोटं पोर्टल. म्हणून आज अभिव्यक्तिस्वातंत्र्याकडे कायद्याच्या नव्हे, पैशाच्या बाजूने पाहू. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. ही बाजू मला जास्त कळते.

तुम्ही एखादं पान उघडता, तेव्हा ते पूर्ण दिसायच्या आत त्यावरच्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होऊन गेलेला असतो. यात तीन कामं असतात: प्रकाशकाची जागा विकणं, जाहिरातदारासाठी बोली लावणं आणि मधला लिलाव चालवणं. २००८ मध्ये गूगलने ३.१ अब्ज डॉलरचा डबलक्लिक खरेदीचा व्यवहार पूर्ण केला आणि पुढे ही तिन्ही कामं एकाच घरात आली. बाजार समितीत शेतकऱ्याचा अडत्या, व्यापाऱ्याचा दलाल आणि लिलाव पुकारणारा एकच असेल, तर कांद्याचा भाव कोण ठरवणार? १७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेत व्हर्जिनियातील न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी निकाल दिला की, यांपैकी प्रकाशकांची साधनं आणि लिलावाचं व्यासपीठ या दोन बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी केली. भारतातही वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला.

यात बोलण्याचा प्रश्न कुठे आला? २०१७ मध्ये द्वेष पसरवणाऱ्या व्हिडिओंवर आपल्या जाहिराती दिसल्या, म्हणून अनेक मोठ्या कंपन्यांनी यूट्यूबवरच्या जाहिराती थांबवल्या. त्यांचा राग रास्त होता. आपला पैसा कुठे जावा, हे ठरवण्याचा हक्क त्यांना आहेच. पण उपाय बऱ्याच अंशी यंत्रावर आणि 'नकोशा' शब्दांच्या याद्यांवर सोपवला गेला. यादीला शब्द कळतो, वाक्य कळत नाही. दंगल भडकवणारा आणि दंगलग्रस्तांची कैफियत मांडणारा, दोघेही 'दंगल' हाच शब्द वापरतात. २०२० मध्ये 'कोरोना' हा शब्दच अनेक जाहिरातदारांनी टाळला. बातम्यांची गरज सर्वाधिक होती, तेव्हाच त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली.

२०२१ मध्ये 'द मार्कअप' या अमेरिकी वृत्तसंस्थेने गूगलची जाहिरात यंत्रणा तपासली. जाहिरातीसाठी यूट्यूब व्हिडिओ शोधताना 'ब्लॅक लाइव्ज मॅटर' अडवलं जात होतं, 'व्हाइट लाइव्ज मॅटर' चालत होतं. 'मुस्लिम फॅशन'सुद्धा अडवलेलं होतं. फॅशनमध्ये कसली हिंसा?

इथे कोणी तुमचं तोंड बंद करत नाही. फक्त कमाई आटते. ना ठोस कारण, ना सुनावणी. मग माणूस आपणच शब्द गाळू लागतो, अवघड विषय सोडून देतो. बंदी न घालता बंदीचं काम होतं.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, आपलं लेखन आधी स्वतःच्या डोमेनवर ठेवा आणि वाचकांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने स्वतःकडे जपा. दोन, सगळं उत्पन्न एकाच नळावर ठेवू नका. महिना पन्नास रुपये देणारे शंभर वाचक हा मोठा आधार असतो. तीन, कमाई बंद झाली की नोंद ठेवा: तारीख, व्हिडिओ, आलेला संदेश. एकट्याची तक्रार यंत्र गिळून टाकतं. पन्नास जणांच्या नोंदी एकत्र आल्या, तर तो पुरावा होतो.