भरल्या कासेची उपासमार



आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही, गाईच्या पोटावर बोलणार आहोत. कोरडवाहू घरात संकरित गाय आटली, की आठवड्याचा बाजार बंद होतो.

गावोगाव आम्ही एकच तक्रार ऐकतो. गाय व्याली, दोन-तीन आठवडे चांगलं दूध दिलं, मग आंबोण टाकायला लागली. कडबा चघळते, ढेपेला तोंड लावत नाही. शेण घट्ट, रवंथ कमी, दूध निम्म्यावर. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं गायच खोडीची. पुष्कळदा हा कीटोसिस असतो.

घडतं असं. व्याल्यावर दूध झपाट्यानं वाढतं, भूक त्या वेगानं वाढत नाही. दुधातली साखर बनायला रक्तातलं ग्लुकोज लागतं. ते अपुरं पडलं, की गाय अंगावरची चरबी मोडून खाते. यकृताला एवढी चरबी झेपत नाही, तिथं कीटोन तयार होतात. थोडे असले तर ते इंधन म्हणून कामी येतात. रक्तात साठले, की भूक मरते आणि पोटाची हालचाल मंदावते.

कोठीपोटाची भिंत स्नायूंची आहे. त्या स्नायूपेशींना कॅल्शियम मिळालं, की त्या आकसतात आणि चारा घुसळला जातो. व्यालेल्या गाईचं कॅल्शियम चिकात, दुधात जातं, त्यात ही कीटोनची भर. घुसळण थांबली, की गाय आणखी कमी खाते आणि आणखी चरबी मोडते. सावकाराच्या व्याजासारखं हे चक्र आहे. कधी चौथं पोट वायूनं फुगून जागा सोडतं, बहुधा डावीकडे. मग ऑपरेशनची पाळी येते.

ओळखायचं कसं? डाव्या कुशीच्या खळग्यावर मूठ दाबून धरा. निरोगी गाईत दोन मिनिटांत दोन-तीन लाटा हाताला लागतात. श्वासाला, दुधाला गोडसर उग्र वास येतो. लघवीचा थेंब रोथेराच्या भुकटीवर टाकला तर जांभळा रंग येतो. डॉक्टरांना तेव्हाच बोलवा. ते शिरेतून ग्लुकोज देतात, तोंडानं प्रॉपिलीन ग्लायकॉल पाजायला सांगतात. नुसत्या गुळानं भागत नाही. तो कोठीपोटातले जंतूच आधी खातात.

त्याहून बरं, आजार येऊच देऊ नका. भाकड काळात गाय फार लठ्ठ होऊ देऊ नका. व्यायच्या तीन आठवडे आधी ज्वारीचा भरडा थोडा थोडा सुरू करा, व्याल्यावर हळूहळू वाढवा. एकदम दिला तर पोट आंबतं. कडब्याची कुट्टी करा, जमेल तेवढं हिरवं द्या.

२००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजातून विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अर्ध्या किमतीत दुभती जनावरं देण्याची योजना आली. जनावर एकदाच अर्ध्या किमतीत मिळतं, खुराक रोज पूर्ण किमतीत लागतो. ज्वारी मोडून कापूस-सोयाबीन वाढलं, तसा घरचा कडबाही गेला.

म्हणून कुणी गाय दाखवली, की दूध किती हे नंतर विचारा. व्याल्यावरचे पहिले दोन महिने हिचं आंबोण कुठून आणायचं आणि दुधाच्या भावात ते परवडतं का, हा हिशेब आधी मांडा. तो जुळला तरच दावं हातात घ्या.