बालमृत्यू : दोष केवळ रोगाचा नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या आनंदात बालमृत्यूसारखा विषय काढणे काहीजणींना रुचणार नाही. परंतु ज्या मंडळात आपण बारशाला पाळणे म्हणतो, त्या मंडळाने रिकाम्या पडलेल्या पाळण्याचाही विचार करावा असे मला वाटते. मी पुष्कळ वर्षे परिचारिकेची नोकरी केली. त्या काळात जे पाहिले आणि पुढे जे वाचले, तेवढेच आज आपणापुढे ठेवणार आहे.

प्रथम समाधानाची गोष्ट सांगते. १९९० साली जगात पाच वर्षांच्या आतली सव्वा कोटीच्या आसपास मुले दगावली. २०२२ साली हीच संख्या सुमारे ४९ लाखांवर आली. आपल्या देशात २०२० च्या नमुना नोंदणीप्रमाणे, जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी वर्षाच्या आत २८ दगावली. महाराष्ट्रात १६ आणि केरळात ६. सहाव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, असे आपल्या आज्या सांगत. पण एकाच देशात केरळातल्या कपाळावर एक आणि दुसरीकडच्या कपाळावर दुसरे, असे ती कशाला लिहील? हा लेख माणसांच्या व्यवस्थेने लिहिलेला आहे, आणि म्हणूनच तो पुसता येतो.

बाळ गेले की आपण विचारतो, काय झाले होते? उत्तर येते: दिवस भरले नव्हते, वजन कमी होते, न्यूमोनिया झाला, जुलाब लागले. ही उत्तरे खरी आहेत, पण अर्धी आहेत. वजन कमी का होते? आई स्वतःच सतरा वर्षांची, अंगात रक्त नाही, आणि नवव्या महिन्यापर्यंत डोक्यावर ओझे. जुलाब का लागले? प्यायला स्वच्छ पाणी नाही. न्यूमोनियात दवाखाना का गाठला नाही? हाती पैसा नाही, वाहन नाही, आणि बाळाला न्यावे की नाही हे ठरवण्याचा अधिकार आईला नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले, की सर्वांत गरीब घरांतील बालमृत्यूंचे प्रमाण सर्वांत श्रीमंत घरांच्या दुपटीहून अधिक आहे. जंतू घर पाहून शिरत नाहीत. पण त्यांच्याशी झुंजण्याचे बळ मात्र घराघरांत निराळे असते.

आता आपल्या पेण-रोह्याकडे येऊ. येथील डोंगरपट्टीत आपले कातकरी बांधव राहतात. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती सरकारने विशेष दुर्बल म्हणून मानल्या आहेत, त्यांतली ही एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवाल्याकडून किंवा कोळसाभट्टीवाल्याकडून उचल घेतात. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की घराला कडी लावून बायकामुलांसह निघतात, ते मृगाच्या आधी परततात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीचे ओझे काही उतरले नाही.

या स्थलांतराचा बाळाशी संबंध काय, असे कोणी विचारील. गरोदर बाईचे नाव वाडीजवळच्या उपकेंद्रात, अंगणवाडीचा आहार वाडीत, बाळाच्या लसीची तारीख वाडीतल्या आशाताईच्या वहीत. आणि बाई मात्र सात-आठ महिने दुसऱ्याच तालुक्यात! एका भट्टीवर धाप लागलेले तान्हे पाहून मी त्याच्या आईला म्हटले, “अगं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल.” ती म्हणाली, “बाई, आज विटा पडल्या नाहीत तर उचल कशी फिटणार?” नवरा-बायकोच्या जोडीचे काम, एक उठली की दुसऱ्याचेही अडते. त्या दिवशी मुकादमाने तिला सोडले आणि मूल वाचले. पण तान्ह्या जिवाचे मरणजगणे मुकादमाच्या मर्जीवर असावे, ही गोष्ट मला अजून सलते.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था काढली. पुढे ३९ गावांत त्यांनी थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घरीच कशी घ्यावी, हे शिकवले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून वेळीच औषध देणे, अशी ही कामे. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा अनुभव १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात छापून आला. आज आपल्या आशाताई घरी येऊन बाळ पाहतात, त्या योजनेमागे या कामाचा मोठा वाटा आहे.

आपण पेणच्या बायका. शाडूची मूर्ती साच्यातून निघाली की तिला उन्हात ठेवीत नाहीत, सावलीत हलके हलके वाळवतात, नाहीतर तडा जातो, हे आपणांस सांगावयास नको. बाळाचे पहिले २८ दिवस असेच नाजूक असतात. जन्मल्यावर लगेच न्हाऊ घालू नये, कोरडे पुसून आईच्या उराशी धरावे. तासाभरात अंगावर पाजावे. पहिला चीक टाकून देऊ नये, आणि सहा महिने वरचे पाणीसुद्धा देऊ नये.

मंडळाने काय करावे, याविषयी माझ्या तीन सूचना आहेत. संक्रांतीचे हळदीकुंकू भट्ट्यांच्या ऐन हंगामात येते. यंदा एक हळदीकुंकू भट्टीवर करावे, त्यात सवाष्ण-विधवा असा भेद न करता सर्वजणींना बोलवावे, आणि वाण म्हणून बाळासाठी उबदार दुपटे द्यावे. दुसरे, तेथील गरोदर बायकांची आणि तान्ह्या बाळांची यादी करून जवळच्या अंगणवाडीला आणि आशाताईला पोचवावी, आणि १०८ ची गाडी कशी बोलवावी हे तेथे प्रत्येकीला शिकवावे. तिसरी सूचना सर्वांत अवघड. वाडीतली मुलगी शाळेतून निघाली की वर्षा-दोन वर्षांत बोहल्यावर उभी राहते. तिला वसतिगृहात राहून शिकता यावे म्हणून दरसाल आपण काही रक्कम बाजूला काढावी. शिकलेल्या आणि जाणत्या वयात आई झालेल्या स्त्रीचे बाळ जगण्याचा संभव अधिक असतो.

भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरींच्या नव्या घरांच्या भिंती याच विटांच्या आहेत. त्या पाडणाऱ्या आईचे बाळ हे परक्याचे कसे म्हणावे? या सूचनांवर मंडळाने पुढील सभेत ठराव करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.