कलम तेच, खुर्ची बदलली

(विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मागील व्याख्यानात मी राज्यघटनेतील समतेच्या कलमांविषयी बोललो होतो. सभा आटोपल्यावर एका वृद्ध मातेने मला थांबवून विचारले, "वकीलसाहेब, कलम कोणी खोडले नाही, घटना कोणी बदलली नाही, तरी हक्क जाऊ शकतो असे तुम्ही म्हणता. ते कसे?" मी घाईत होतो, काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन निघालो. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. आज त्याचेच उत्तर द्यावयाचे मी योजिले आहे, आणि त्यासाठी आपणांस अमेरिकेत घेऊन जाणार आहे. घटनेचे शब्द कायम असताना हक्क मिळतो कसा आणि जातो कसा, याचा इतका उघड दाखला मला अन्यत्र आढळला नाही.

आमच्याकडे पक्षकार वकिलाला पहिला प्रश्न कायद्याचा विचारीत नाही. तो विचारतो, "तारीख कोणत्या साहेबांपुढे आहे?" विधिमहाविद्यालयात शिकत असताना मला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटे. वीस वर्षे वकिली केल्यावर तो तसा वाटत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १८६९ सालापासून नऊ न्यायाधीश आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयात बहुतेक प्रकरणे दोघातिघांच्या पीठापुढे चालतात. तेथे नऊही जण एकत्र बसून निर्णय देतात. आपल्याकडे पासष्टाव्या वर्षी निवृत्ती आहे. तेथे नेमणूक तहहयात आहे. नाव राष्ट्राध्यक्ष सुचवितो, आणि सिनेटने संमती दिली म्हणजे नेमणूक पक्की होते. तात्पर्य, तेथे एका खुर्चीवरील मनुष्य बदलला की पाचाचे चार आणि चाराचे पाच होतात. खुर्ची कधी रिकामी होईल हे मात्र कोणाच्या हाती नसते. जिमी कार्टर यांना चार वर्षांत एकही नेमणूक करावयास मिळाली नाही. डोनाल्ड ट्रम्प यांना पहिल्याच कारकिर्दीत तीन मिळाल्या.

गुलामगिरी नष्ट झाल्यावर १८६८ साली तेथील घटनेत चौदावी दुरुस्ती झाली. कोणतेही राज्य कोणाही व्यक्तीस कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. पुढे लुईझियाना राज्याने रेल्वेत गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे डबे वेगळे केले. होमर प्लेसी नावाचा मनुष्य जाणूनबुजून गोऱ्यांच्या डब्यात बसला, पकडला गेला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १८९६ साली सात न्यायाधीशांनी सांगितले की, डबे वेगळे असले तरी सोय सारखी असल्यास समतेचा भंग होत नाही. एकटे न्यायमूर्ती हार्लन विरुद्ध गेले. आमची घटना रंग ओळखत नाही, असा त्यांच्या मताचा आशय होता. हे हार्लन एकेकाळी स्वतः गुलाम बाळगणारे होते, हे ध्यानात असू द्या. त्याचा उपयोग पुढे होईल.

पाणवठा वेगळा, बसण्याची जागा वेगळी, शाळा वेगळी. हे ज्यांच्या आजा-पणजांनी भोगले त्यांना त्या निकालाचा अर्थ मी सांगावयास नको. अठ्ठावन्न वर्षे तो कायदा होता. मग तो पडला कसा? चौदाव्या दुरुस्तीचे शब्द तेच होते. शाळांतील पृथक्करणाविरुद्धचे ब्राउन प्रकरण डिसेंबर १९५२ मध्ये सुनावणीस आले. तेव्हाच्या न्यायाधीशांच्या टिपणांवरून दिसते की त्यांच्यात एकमत नव्हते. त्यांनी फेरसुनावणी ठेवली. तेवढ्यात, ८ सप्टेंबर १९५३ रोजी, सरन्यायाधीश विन्सन वारले आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कॅलिफोर्नियाचे राज्यपाल अर्ल वॉरेन यांस त्या जागी आणिले. वॉरेन यांनी सहकाऱ्यांची मने वळविली आणि १७ मे १९५४ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमुखाने जाहीर केले की, शाळांतील पृथक्करण म्हणजेच विषमता होय.

याच वॉरेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता असताना, जपानी वंशाच्या नागरिकांना घराबाहेर काढून छावण्यांत डांबण्याचा पुरस्कार केला होता. तेव्हा माणसाच्या पूर्वचरित्रावरून त्याचा निकाल सांगता येतो, असे मी म्हणणार नाही. अंदाज बांधता येतो, इतकेच. तो कधी साफ चुकतो.

ब्राउन प्रकरणात कृष्णवर्णीयांची बाजू मांडणाऱ्या वकिलांचे प्रमुख होते थरगुड मार्शल. गुलामाचे पणतू. मेरीलँड विद्यापीठाच्या विधिमहाविद्यालयाची दारे कृष्णवर्णीयांना बंद, म्हणून ते हॉवर्ड विद्यापीठात शिकले. आणि वकील झाल्यावर त्याच मेरीलँडविरुद्ध दावा चालवून त्यांनी एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास तेथे प्रवेश मिळवून दिला. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी बत्तीस प्रकरणे चालविली व एकोणतीस जिंकली. १९६७ साली ते त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. चोवीस वर्षे ते त्या खुर्चीवर होते. १९९१ साली प्रकृती ढासळल्यामुळे, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते थोरले बुश. त्यांनी त्या जागेसाठी दुसऱ्या कृष्णवर्णीयाचेच नाव दिले: क्लॅरेन्स थॉमस.

थॉमस यांचे बालपण जॉर्जिया राज्यात दारिद्र्यात गेले. आजोबांनी त्यांना वाढविले. वर्ण तोच, दारिद्र्य ओळखीचे, खुर्चीही तीच. मत मात्र अगदी उलट. वंशाचा विचार करून दिलेला प्रवेश हा घटनेचा भंग आहे, आणि त्याने आमच्या मुलांवर कमीपणाचा शिक्का बसतो, असे त्यांचे म्हणणे आहे. अशा धोरणामुळे आपल्या येल विद्यापीठाच्या पदवीची किंमत लोकांच्या लेखी घटली, असे त्यांनी आत्मचरित्रातही लिहिले आहे. या मताला मी अप्रामाणिक म्हणत नाही. परंतु मार्शल यांच्या खुर्चीवर 'आपला' मनुष्य बसला म्हणून ज्यांनी त्या दिवशी समाधान मानले असेल, त्यांनी हार्लन यांचे स्मरण ठेवावयास हवे होते. गुलाम बाळगणारा मनुष्य समतेच्या बाजूने उभा राहिला होता. जन्मावरून मत कळत नाही, हे जन्माचा भेद नाकारणाऱ्या आपण तरी विसरू नये.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती आठवली की मन अस्वस्थ होते. मार्शल २४ जानेवारी १९९३ रोजी वारले. बुश यांचा पराभव करून निवडून आलेले क्लिंटन चारच दिवसांपूर्वी, २० जानेवारीस, अधिकारारूढ झाले होते. दीड वर्ष अधिक रेटता आले असते, तर ती जागा क्लिंटन यांनी भरली असती.

आता प्रवेशाच्या प्रश्नाकडे येतो. १९७८ साली बाक्की प्रकरणात न्यायालयाने राखीव जागा अवैध ठरविल्या, पण प्रवेश देताना वंश हा अनेकांपैकी एक घटक म्हणून विचारात घेण्यास मुभा ठेविली. २००३ साली मिशिगन विद्यापीठाच्या विधिमहाविद्यालयाच्या प्रकरणात ही मुभा पाच विरुद्ध चार अशा मतांनी टिकली. निकालपत्र न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांचे होते. पंचवीस वर्षांनी अशा उपायाची गरज उरणार नाही, अशी अपेक्षा त्यांनी त्यात नोंदविली. पंचवीस वर्षे म्हणजे २०२८ साल.

पण ओकॉनरबाई २००६ साली निवृत्त झाल्या व त्या जागी सॅम्युएल अलिटो आले. दुसऱ्याच वर्षी सिएटल व लुईव्हिल येथील शाळांत सर्व वंशांची मुले एकत्र यावीत म्हणून केलेल्या योजना पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाल्या. २०१६ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती स्कॅलिया वारले. ओबामांनी मेरिक गार्लंड यांचे नाव दिले, परंतु सिनेटमधील विरोधी बहुमताने त्यांची साधी सुनावणीदेखील घेतली नाही. निवडणूक होऊ द्या, म्हणाले. त्याच जूनमध्ये टेक्सास विद्यापीठाची प्रवेशपद्धती चार विरुद्ध तीन मतांनी बचावली. निकाल लिहिला न्यायमूर्ती केनेडी यांनी, जे २००३ साली विरुद्ध बाजूस होते. म्हणजे खुर्चीवरचा मनुष्यही क्वचित बदलतो! पण २०१८ साली केनेडीही निवृत्त झाले.

त्यानंतरचा क्रम लवकर सांगून होतो. स्कॅलिया यांच्या जागी २०१७ मध्ये गॉर्सच, केनेडींच्या जागी २०१८ मध्ये कॅव्हॅनॉ. १८ सप्टेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग सत्त्याऐंशीव्या वर्षी वारल्या. चार वर्षांपूर्वी 'निवडणूक होऊ द्या' म्हणणाऱ्या त्याच सिनेटने २६ ऑक्टोबरला, म्हणजे मतदानाला आठ दिवस उरले असताना, बावन्न विरुद्ध अठ्ठेचाळीस मतांनी एमी कोनी बॅरेट यांना त्या जागी बसविले. २०२२ साली केतांजी ब्राउन जॅक्सन या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश झाल्या, तेव्हा मोठा आनंदोत्सव झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. परंतु त्या ब्रायर यांच्या जागी आल्या होत्या, आणि ब्रायर यांचे मत त्यांच्याच बाजूचे होते. तागडे तसूभरही हलले नाही.

२९ जून २०२३ रोजी हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या प्रकरणांत सहा न्यायाधीशांनी ती मुभा काढून घेतली. सहाही जण रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. विरोधी मत देणाऱ्या तिन्ही स्त्रिया डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या. जॅक्सन यांचा हार्वर्डच्या कारभाराशी पूर्वी संबंध होता, म्हणून त्या प्रकरणापुरत्या त्या बाजूस राहिल्या. दावेदारांची तक्रार होती की हार्वर्ड आशियाई वंशाच्या मुलांवर अन्याय करते. ती तक्रार खोटी म्हणून उडवून लावण्याजोगी नव्हती. आणि आधार कोणाचा घेतला? १८९६ च्या हार्लन यांचा! ज्या वाक्यांनी वेगळ्या डब्यांना विरोध केला, त्याच वाक्यांनी आता मागासलेल्यांसाठी उघडलेले दार लोटले. न्यायमूर्ती थॉमस यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहून त्यास दुजोरा दिला. ओकॉनरबाईंनी अपेक्षिलेली पंचवीस वर्षे विसाव्या वर्षीच संपली. चौदाव्या दुरुस्तीतील एक अक्षरही बदललेले नव्हते.

पूज्य बाबासाहेबांनी या गोष्टीचा विचार फार आधी केला होता. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली. इंग्लंडात सर्व काही सरकारच्या हाती आणि अमेरिकेत सिनेटच्या संमतीवर अवलंबून, या दोन्ही रीती त्यांनी नाकारल्या. सिनेटसारख्या रीतीत राजकीय दबाव शिरेल, असे त्यांना वाटत होते. परंतु सरन्यायाधीशाच्या संमतीशिवाय नेमणूक होऊच नये, ही सूचनाही त्यांनी मान्य केली नाही. सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी तो मनुष्यच आहे आणि सामान्य माणसाचे दोष व पूर्वग्रह त्यालाही असतात, असे त्यांनी बजाविले. म्हणून घटनेत 'विचारविनिमय' हा मधला शब्द आला. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दाचा अर्थ लाविताना नेमणुकीची सूत्रे प्रमुख न्यायाधीशांच्या मंडळाकडे घेतली, आणि ती बदलू पाहणारी घटनादुरुस्ती २०१५ साली रद्द केली. पाहा, तेथेही शब्द तोच राहिला. अर्थ लावणाऱ्यांनी तो फिरविला.

आता त्या मातेच्या प्रश्नाचा उरलेला भाग. हक्क गेला म्हणजे नेमके काय गेले? निकालानंतरची पहिली तुकडी २०२४ साली प्रवेशली. मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयात, एम.आय.टी.मध्ये, मागील काही वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थी सरासरी शेकडा १३ असत. त्या वर्षी ते शेकडा ५ झाले. येल व प्रिन्सटन येथे मात्र फारसा फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या मुलांना त्या वर्षी एम.आय.टी.चे दार उघडले नाही, ती बहुतेक २००६ सालच्या सुमारास जन्मली असतील. ओकॉनरबाईंची खुर्ची अलिटो यांना मिळाली, ते हेच वर्ष.