आधी ब्रेक, मग इंजिन



आत्ता ज्यांनी बक्षिसं घेतली त्यांचं अभिनंदन, आणि ज्यांनी टाळ्या वाजवून हा मांडव दणाणून सोडला त्यांचंही. आष्ट्याला बोलावलंत याबद्दल मनापासून आभार. शर्यतीच्या गाड्या तयार करणं हे माझं काम. म्हणून त्याच कामाबद्दल बोलतो: कुणीतरी विकायला काढलेली जुनी गाडी हौशी शर्यतीसाठी कशी उभी राहते.

हा श्रीमंतांचा परदेशी छंद आहे असं वाटत असेल, तर एकदा कोल्हापूरला जाऊन या. तिथल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत धावला. शिरोलीच्या फाउंड्रीत गाड्यांचे सुटे भाग ओतले जातात. आणि तुमच्याच सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ओसाड माळावर कारखाना उभा केला. यंत्राची जाण आपल्या मुलखात मुरलेली आहे.

आता कामाकडे येऊ. जुनी गाडी कार्यशाळेत आली की पहिलं काम तिला सोलायचं. मागची सीट, गालिचे, दारांची अस्तरं, एसी, म्युझिक सिस्टीम, सगळं बाहेर. तालमीत पैलवान अंगावरची चरबी उतरवतो, तसंच हे. फ्लोअरवर आवाज दाबण्यासाठी डांबरासारखा थर चिकटवलेला असतो. तो पत्र्याच्या पट्टीनं खरवडत बसावं लागतं. तो निघाला की कुठं गंज धरलाय, कुठं पत्रा ठोकून सरळ केलाय, कुठं पुट्टीखाली जुना अपघात लपलाय, ते दिसतं. विकणाऱ्यानं न सांगितलेलं सगळं गाडी स्वतः सांगते. तो पत्रा सुधारल्याशिवाय पुढं जायचं नाही.

मग येतो रोल केज. जाड पोलादी नळ्यांचा हा पिंजरा चालकाभोवती बसवतात. गाडी उलटली तरी छत खाली येऊ नये, यासाठी तो असतो. नळी नुसती पातळ फ्लोअरवर टेकवली तर अपघातात ती पत्रा फाडून खाली जाईल. म्हणून आधी पायाशी जाड प्लेट वेल्ड करायची, मग तिच्यावर नळी. पाठोपाठ बकेट सीट, सहा पट्ट्यांचा बेल्ट, अग्निशामक आणि बाहेरूनही बंद करता येईल असा बॅटरीचा कटऑफ स्विच.

त्यानंतर ब्रेक. नवशिक्या मुलांचा पहिला प्रश्न असतो, ‘सर, इंजिनाची पॉवर किती वाढेल?’ मी त्यांना फळ्यावर एक सूत्र लिहायला लावतो, गतिज ऊर्जेचं. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि थांबताना ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट थ्री प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा धरला की ती मर्यादा १४० पर्यंत घसरू शकते. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट फ्लोअरला टेकतं. समोर वळण असतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून आधी ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, मग टायर, मग सस्पेन्शन. इंजिनाला हात सगळ्यात शेवटी. आधी ते आहे तसंच निरोगी ठेवलं आणि थंड राखलं तरी पुष्कळ.

जुन्या गाडीपासून माणसं कुठवर पोचली? न्यूझीलंडच्या ब्रूस मॅक्लारेननं वडिलांच्या गॅरेजमधल्या जुन्या ऑस्टिन सेव्हनवर हात बसवला. १९६३ मध्ये त्यानं काढलेला संघ आजही फॉर्म्युला वनमध्ये धावतो. लंडनमध्ये अभियांत्रिकी शिकलेल्या कॉलिन चॅपमननं १९४८ मध्ये तसल्याच जुन्या ऑस्टिनपासून पहिली गाडी बनवली आणि पुढं लोटस उभी केली. आपल्याकडे कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन घेऊन एकआसनी शर्यतीची गाडी घडवली. त्या फॉर्म्युला मारुतीत सुरुवात केलेला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला. मॅक्लारेन, चॅपमन आणि करिवर्धन, तिघांच्याही हाताशी साधी, स्वस्त गाडीच होती.

मुलांनो, एक गोष्ट कळकळीनं सांगतो. अशी तयार केलेली गाडी रस्त्यावर चालवायची नसते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही आणि कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला शिक्षा सांगतं. पण कायदा बाजूला ठेवा. गळीत हंगामात पेठ-सांगली रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, रात्री त्यांच्या मागं दिवा असेलच असं नाही. तिथं शाळकरी पोरं सायकलवर असतात. ट्रॅकवर संरक्षक भिंत असते, झेंडा दाखवणारे मार्शल असतात, रुग्णवाहिका उभी असते. रस्त्यावर यातलं काही नसतं. ज्याला वेग खरोखर आवडतो, त्यानं तो ट्रॅकवरच अनुभवावा.

सुरुवात कशी करायची? एकट्यानं करू नका. वेल्डिंग येणारा, हिशेब ठेवणारी, इलेक्ट्रिकल समजणारी, असा गट जमवा. बाहा आणि सुप्रा या एसएई इंडियाच्या स्पर्धा विद्यार्थ्यांसाठीच आहेत. त्यांची नियमावली आधी वाचून काढा. गुरुजनांना माझी विनंती आहे, की कार्यशाळेचं दार मुलांसाठी संध्याकाळीही उघडं ठेवा. पालकांनो, पोरगं किंवा पोरगी हात काळे करून घरी आली तर रागावू नका. विचारा, आज काय उघडलंस आणि ते नीट बसवलंस का?

तुमच्यातल्या एखाद्या गटाची गाडी तपासणीत पास होऊन ट्रॅकवर उतरेल, तेव्हा मला जरूर बोलवा. मी सगळ्यात आधी ब्रेक बघेन.