नावं अनेक, प्रथिन एक

अँटिबॉडी हा शब्द कोरोनाच्या काळात घराघरांत पोचला. मराठीत तिला प्रतिपिंड म्हणतात. रक्तातल्या बी पेशी ती तयार करतात. पण बी पेशी आपणहून कामाला लागत नाही. तिला दुसऱ्या पेशींकडून सांगावा यावा लागतो. हा सांगावा म्हणजे एखादं प्रथिन. गंमत अशी, की हे सांगावे ओळखायला शास्त्रज्ञांच्या कामी आली ती प्रतिपिंडंच.

१९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच साच्यातली प्रतिपिंडं हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली. असं प्रतिपिंड ठरावीक आकारालाच चिकटतं. त्याला रंग जोडला, की प्रथिन कुठं आहे ते दिसतं. त्यानं प्रथिन अडवून धरलं, तर कोणतं काम थांबतं तेही कळतं. गावचा पाटकरी चार दिवस आजारी पडला, की त्याचं काम काय होतं ते पिकाला कळतं, तसंच.

जपानमधल्या ओसाका विद्यापीठात हिरानो आणि किशिमोतो यांच्या गटानं १९८६ मध्ये बी पेशींना प्रतिपिंडं बनवायला लावणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक वेगळं काढलं. नाव ठेवलं बीएसएफ-२. इतरत्र कुणी इंटरफेरॉन बीटा-२ शोधत होतं, कुणी यकृताला चेतवणारा घटक. जनुकाची अक्षरं जुळली. बीएसएफ-२विरुद्धच्या प्रतिपिंडांनी यकृतावरचा परिणामही थोपवला. सगळे एकच निघाले! आज त्याला इंटरल्यूकिन-६ म्हणतात.

मला हे फार भावलं. माझं नाव ऐकून लोक विचारतात, ‘उर्दूत लिहिता ना?’ कविता मराठी असते. प्रतिपिंड नाव विचारत नाही, आकार पाहतं.

हेच प्रथिन आमवातात सांध्यांत अति होतं. माझ्या आपाची बोटं त्यानंच वाकलीत. सकाळी कणीक मळवत नाही. या सांगाव्याची पेशीवरची जागाच अडवणारं प्रतिपिंड, टोसिलिझुमॅब, जपानमध्ये २००८ साली आमवातासाठी मंजूर झालं. पण सांगावा अडला, की जंतूंशी लढणंही मंदावतं. म्हणून आपाच्या डॉक्टरांनी आधी क्षयाची तपासणी सांगितली आहे. औषध महाग आहे, आम्ही भावंडं पैशांची जुळणी करतो आहोत. अहवालाची वाट पाहतो आहोत.